टाळ्यांच्या पलीकडचे कर्तव्य

३१ जानेवारी २०२० रोजी एअर इंडियाचे विशेष विमान वुहानकडे झेपावले आणि दुसऱ्या दिवशी ३२४ भारतीयांना घेऊन दिल्लीत उतरले. कोरोनाचे स्वरूप पुरते ज्ञात नसतानाही केबिन क्रू कर्तव्यापासून ढळला नाही. समाजाने काय दिले? २२ मार्चला टाळ्या वाजल्या. मात्र त्याच सुमारास अनेक क्रू सदस्यांना शेजाऱ्यांचा बहिष्कारही सोसावा लागला.

जून २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मधले आसन शक्यतो रिकामे ठेवण्यास सांगितले. प्रवाशाला प्रवाशापासून अंतर लाभले; पण रांगांमधून अखंड ये-जा करणाऱ्या सेविकेचे काय? गाळण्या हवा शुद्ध करतात हे खरे. परंतु खोकणाऱ्याच्या तोंडचे तुषार त्याआधीच वाकून विचारपूस करणाऱ्या सेविकेच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतात.

म्हणूनच पुढील साथीपूर्वीच दर्जेदार मास्क, आजारी प्रवाशासाठी वेगळी आसने व स्वच्छतागृह, तसेच बाधित कर्मचाऱ्यास पगारी रजा यांचे बंधन कंपन्यांवर हवे. आणि प्रवाशाने? गोळी घेऊन ताप लपवणे ही चतुराई नव्हे, दुसऱ्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे. कृतज्ञता टाळ्यांतून नव्हे, आचरणातून सिद्ध व्हावी.