उमेदवाराचे विवरणपत्र आणि मतदाराचा अधिकार

भिवंडीच्या बाजारात कापडाचा तागा उलगडून, उजेडासमोर धरून पाहिल्याखेरीज शहाणा व्यापारी पैसे मोजत नाही. विणीतला दोष घडीत लपतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मतदाराला मात्र उमेदवाराच्या आर्थिक व्यवहाराची घडी न मोडताच निवड करावी लागते. २० मे २०२४ रोजी भिवंडी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. उमेदवारांची शपथपत्रे त्यापूर्वीच प्रसिद्ध झाली होती. कोणाकडे किती जमीन, किती सोने, किती कर्ज हे त्यांवरून समजू शकत होते. पण ही संपत्ती कोणत्या वाटेने आली, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर देण्याची सोय त्या नमुन्यातच नाही.

ही शपथपत्रेदेखील राजकीय पक्षांनी आपखुशीने दिलेली नाहीत. उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्यावर संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून या अधिकाराला आवर घालण्याचा प्रयत्न केला. ते कलम न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द केले. केवळ मालमत्ता सांगणे पुरेसे नाही, उमेदवार, त्याचा जोडीदार व अवलंबित यांच्या उत्पन्नाचे मार्गही सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलले आणि प्राप्तिकर विवरणपत्रात दाखविलेले एका वर्षाचे नव्हे, तर पाच वर्षांचे उत्पन्न शपथपत्रात लिहिणे बंधनकारक झाले. प्रत्येक पाऊल न्यायालयाच्या किंवा नागरिकांच्या रेट्यामुळे पडले, ही गोष्ट विसरता येत नाही.

तथापि, या पाच वर्षांसाठी नमुन्यात मागितले आहेत ते केवळ पाच आकडे. विवरणपत्र मात्र मागितलेले नाही. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो मूलभूत आहे. विवरणपत्रात उत्पन्नाची फोड असते: वेतन किती, घरभाडे किती, धंद्याचा नफा किती, भांडवली नफा किती, करमुक्त उत्पन्न किती. ‘एकूण उत्पन्न’ या एका आकड्यात ही फोड नाहीशी होते. करमुक्त रक्कम तर त्यात येतच नाही. उत्पन्नाच्या मार्गाच्या रकान्यात ‘शेती व व्यवसाय’ एवढे तीन शब्द लिहिले, की उमेदवाराचे कर्तव्य संपते.

भिवंडीसारख्या भागात या उणिवेला विशेष महत्त्व आहे. येथील यंत्रमागाचा धंदा मोठ्या प्रमाणावर मजुरीवर चालतो. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे आणि श्रम तिसऱ्याचे, अशी त्याची रचना आहे. दुसरीकडे काल्हेर, दापोडे, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली या गावांच्या परिसरात भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. जमिनीचे मोल वाढले आणि शेतकरी कुटुंबे भाडेकरूंची मालक झाली. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, आणि शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतरापलीकडील शेतजमीन विकून झालेला नफा भांडवली नफ्यात धरला जात नाही. अशा भागातील एखाद्या उमेदवाराचे पाच वर्षांतील एकूण उत्पन्न समजा ४० लाख रुपये आहे आणि त्याच काळात त्याची मालमत्ता ४ कोटींनी वाढली आहे. या दोन आकड्यांवरून मतदाराने काय समजावे? जमिनीची किंमत चढली असेल, वडिलार्जित शेत विकले असेल, अथवा सत्तेच्या सावलीत पैसा आला असेल. पहिल्या दोन शक्यतांत लाजण्यासारखे काहीच नाही. परंतु विवरणपत्र बंद असल्यामुळे सरळ माणूस आणि लबाड माणूस एकाच संशयाच्या रांगेत उभे राहतात. प्रामाणिक उमेदवाराला उघडेपणापासून धोका नाही, उलट त्यातच त्याचे रक्षण आहे.

याविरुद्ध मांडला जाणारा सर्वांत सबळ आक्षेप खासगीपणाचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यापूर्वी २०१२ मध्ये देशपांडे प्रकरणात, व्यापक जनहित असल्याखेरीज प्राप्तिकर विवरणपत्र माहिती अधिकाराखाली देता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. ९ एप्रिल २०२४ च्या निकालात तर उमेदवाराने प्रत्येक बारीकसारीक चीजवस्तू सांगण्याची गरज नाही, असेही नमूद झाले. हे सर्व योग्यच आहे. घरात किती घड्याळे आहेत, याची मोजदाद मतदाराला नको आहे. परंतु देशपांडे प्रकरण एका कर्मचाऱ्याचे होते; त्याने लोकांकडे मते मागितली नव्हती. लाखो लोकांच्या करावर आणि जमिनींच्या आरक्षणावर ज्याचा प्रभाव पडणार आहे, त्याच्या उत्पन्नाचा स्रोत हा व्यापक जनहिताचाच विषय ठरतो. बँक खात्यांचे क्रमांक, घरचा पत्ता, मुलांची नावे झाकून विवरणपत्र प्रसिद्ध करणे अवघड नाही. धनिक उमेदवारास खंडणीचे भय वाटेल, हा आक्षेप तर टिकणाराच नाही. कारण त्याची घरे, जमिनी व दागिने आजही शपथपत्रात जाहीर होतात.

अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी १९७३ च्या डिसेंबरात आपली विवरणपत्रे खुली केली. त्यांच्या तपासणीत सुमारे पावणेपाच लाख डॉलरची थकबाकी निघाली. त्यानंतर अध्यक्षपदाच्या उमेदवारांनी विवरणपत्रे प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला. मात्र कायद्याचा आधार नसल्यामुळे २०१६ मध्ये तो सहज मोडला गेला. सदिच्छेवर सोडलेला नियम गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही, हाच त्याचा बोध. भारतात निदान शपथपत्राला कायद्याचा आधार आहे. तो पाच आकड्यांवर न थांबता विवरणपत्रापर्यंत नेला पाहिजे.

अर्थात, कागद प्रसिद्ध झाला म्हणजे तो खरा ठरला असे नव्हे. खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. पण तपासणीच झाली नाही तर शिक्षेचे भय राहत नाही. ७ खासदार व ९८ आमदार यांच्या मालमत्तेतील वाढ तपासाचा विषय झाल्याचे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. नावे मात्र बंद लखोट्यात राहिली. म्हणजे जे सरकारला ठाऊक, ते मतदाराला नाही! विजयी उमेदवारांची शपथपत्रे आणि विवरणपत्रे एका वर्षात ताडून पाहावीत व तफावतीचा निष्कर्ष जाहीर करावा, एवढी जबाबदारी कर मंडळावर टाकणे गैर नाही. उमेदवारानेही पाच वर्षांपूर्वीची मालमत्ता, त्यातील भर, कर्ज आणि खर्च यांचा मेळ घालणारा एक तक्ता जोडावा. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जो ताळेबंद मांडतो, तो लोकप्रतिनिधीला मांडता येऊ नये, असे कोण म्हणेल?

निवडणुकीच्या कामावर ज्यांना जुंपले जाते, ते बहुतेक शिक्षक आणि कारकून असतात. त्यांच्या वेतनातून कर हातात पैसे पडण्यापूर्वीच कापला जातो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला आपल्या मालमत्तेचा हिशेब वरिष्ठांना द्यावा लागतो. शाळेच्या खोलीत मतदान यंत्र सांभाळणाऱ्या या माणसाचा पै-पैचा हिशेब सरकारदरबारी आहे. ज्याच्यासाठी तो ते यंत्र सांभाळतो, त्याने मात्र पाच आकडे लिहून मोकळे व्हावे, ही विषमता लोकशाहीला शोभणारी नाही. कर नाही त्याला डर कशाला, असे मराठी माणूस म्हणतो. उमेदवाराच्या बाबतीत ही म्हण थोडी फिरवून म्हणावी लागेल: ज्याने कर भरला, त्याला तरी डर कशाला?