स्वच्छतेच्या नावाखाली

जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात, ब्रायबी बेटावरच्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या काठावर एक आई तान्ह्याला पाजत बसली होती. झाकून घ्या किंवा आडोशाला जा, असे तिला तिथल्या कर्मचाऱ्यांनी सुचवले. गोष्ट एवढीशीच. पण डेव्हिड कॉश या प्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदकाने बायकांनी जरा तारतम्य ठेवावे, अशा अर्थाचे मत दिले आणि वाद पेटला. सिडनीत त्या वाहिनीच्या स्टुडिओबाहेर आया लेकरांना घेऊन जमल्या आणि तिथेच त्यांना पाजत बसल्या. वस्तुतः स्तनपानावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्या देशात २०११ च्या कायदादुरुस्तीने स्पष्ट झाले होते. कायदा आईच्या बाजूने होता. अवघडली होती ती माणसांची नजर.

हे तिकडचे झाले, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे पुष्कळ तलावांवर बायकांची वेळ वेगळी असते, हे खरे. पण सुट्टीत थोरल्याला पोहायला घेऊन आलेल्या आईच्या मांडीवर धाकटे असतेच. नवजात बाळ दिवसाकाठी आठ ते बारा वेळा दूध पिते, आणि त्याची भूक तलावाच्या वेळापत्रकाप्रमाणे लागत नाही.

मला नवल वाटते ते आक्षेपाच्या भाषेचे. ‘मला पाहायला संकोच वाटतो’ असे कुणी म्हणत नाही. ‘ते अस्वच्छ आहे’ असे म्हणतात. बँकेत अधिकारी म्हणून अनेक वर्षे काढल्याने ही तऱ्हा माझ्या ओळखीची आहे. ज्याला नकार द्यायचा असतो आणि खरे कारण सांगायचे नसते, तो ‘नियम आहे’ म्हणतो. अशा वेळी परिपत्रक मागावे. इथेही मागू.

आईच्या दुधाने तलाव नासतो काय? रक्ताबाबत जी खास खबरदारी घ्यायची, तीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आईच्या दुधाचा समावेश केलेला नाही. तलावाचे पाणी निर्धोक राहावे म्हणून त्यात दर दहा लाख भागांमागे किमान एक भाग मुक्त क्लोरीन असावा लागतो. घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन हा क्लोरीन खर्ची पडतो व क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात, तो उग्र वास येतो, तो त्यांचाच. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभराहून अधिक टिकतो. म्हणजे भ्यायचे असेल तर अंघोळ न करता उडी मारणाऱ्या सद्गृहस्थाला आणि पोट बिघडलेले मूल पाण्यात उतरवणाऱ्या पालकांना भ्यावे. काठावर पाजणाऱ्या आईने पाण्याचे काहीच बिघडत नाही.

प्रत्यक्ष पाण्यात उभे राहून पाजणे मात्र टाळावे, आणि तेही बाळासाठीच. दुधाबरोबर तलावाचे पाणी त्याच्या पोटात जाते, अंग गार पडते, आणि प्यायल्यावर ते हमखास थोडे ओकते. पाण्यात खाऊपिऊ नये हा नियम सर्वांना आहे, तो आईनेही पाळावा. पोहून आल्यावर पाजण्यापूर्वी साध्या पाण्याने क्लोरीन धुऊन टाकावे. स्वच्छतेचे कलम इथे संपते.

उरतो शिष्टाचार. आपल्या समाजाला हे दृश्य नवे नाही. एसटीत, आठवडी बाजारात, शेताच्या बांधावर बायका पदराआड पाजत आल्या आणि आजूबाजूची माणसे सहज दुसरीकडे पाहत आली. त्यासाठी फलक लागला नाही. तलावावर पदर नसतो, म्हणून आपण गोंधळतो. पण पोहण्याच्या पोशाखात बाळाआडून दिसते त्याहून अधिक अंग उघडे असते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही!

यावर वेगळ्या खोलीचा तोडगा सुचवतात. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या गवळणीच्या नावाने आपल्याकडे हिरकणी कक्ष झाले, हे चांगलेच झाले. जिला एकांत हवा तिला तो मिळालाच पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना व न्या. वराळे यांच्या खंडपीठानेही सार्वजनिक इमारतींत अशा सोयी व्हाव्यात, असे सांगितले. पण त्याबरोबरच सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपानाला कलंक मानू नये, हेही बजावले. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो आणि सोयीची सक्ती करतो. अनेकदा तर खोली नसतेच, आणि ‘आडोसा’ म्हणजे स्वच्छतागृह असते. जिथे आपण स्वतः जेवणाचा डबा उघडणार नाही, तिथे लेकराला पाजा म्हणायचे!

तलावाच्या बाबतीत या सक्तीत धोकाही आहे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही; दोन-चार मिनिटांत सारे संपते. थोरला पाण्यात असताना आईला दूरच्या बंद खोलीत धाडणे म्हणजे त्याच्यावरची सर्वांत जागरूक नजर काढून घेणे होय. जीवरक्षक असला तरी त्याला पन्नास मुले सांभाळायची असतात.

तेव्हा व्यवस्थापकांनी काठाजवळ, पाणी दिसेल अशा जागी, सावलीत दोन बाक ठेवावेत. हवी तिला खोली उघडी असावी, तिची किल्ली शोधावी लागू नये. आणि फलक लावायचाच असेल तर तो न्हाणीघराच्या दाराशी लावावा : अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरू नये.