मोर्तब कुणाचे?

'हा विषय आपला नव्हे' असे म्हणण्यात मराठीच्या प्राध्यापकाला एक प्रकारचा कुलीनपणा वाटतो. परवा विभागात मी अंकीय स्वाक्षरी आणि पुंज-संगणकाचा विषय काढला, तेव्हा एका मित्राने हेच ऐकवले. (पाठचिकित्सेची प्रश्नपत्रिका तोच काढतो, ही गंमत वेगळी.) माझे म्हणणे नेमके उलट आहे. प्रक्षेप ओळखण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे, त्यांचाच हा विषय आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पाठात भेसळ शिरली होती म्हणून. मराठेकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे, ते मजकूर येथे संपला, पुढे कोणी अक्षर वाढवू नये, एवढ्यासाठी. अंकीय स्वाक्षरी हेच काम करते. एक स्वल्पविराम हलला तरी ती जुळत नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात अशा स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. भोकरदनच्या शेतकऱ्याला सहीशिक्क्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही. चांगलेच झाले. पण या मोर्तबामागचे बळ कोणते?

भारतातल्या अंकीय स्वाक्षऱ्या मुख्यतः आरएसए आणि वक्रांच्या गणितावर उभ्या आहेत. प्रचंड संख्येचे अवयव पाडणे साध्या संगणकाच्या आवाक्यात नाही, हा आरएसएचा आधार. पुरेसा मोठा पुंज-संगणक हाती आला तर दोन्ही आधार सुटतात, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. असा संगणक आज नाही. पण खरेदीखत तीन पिढ्यांनी वापरायचे असते. खोटे मोडी पत्र शाईवरून, वळणावरून, एखाद्या उत्तरकालीन शब्दावरून पकडता येते. गुप्त किल्ली फुटल्यावर केलेल्या खोट्या स्वाक्षरीला वळणच नसते. ती खरीसारखी नव्हे, खरीच ठरते. मागची तारीख घालून ती केली, तर चिकित्सकाच्या हाती काय उरणार?

यावरचा एक उपाय जालकाच्या गणितात आहे. जालक म्हणजे फुलीवर लावलेल्या कपाशीसारखे सम अंतरावरचे बिंदू. शेतात भलतीकडे पडलेल्या खड्याला सर्वांत जवळची फुली कोणती, हे लहान मूलही दाखवील. शेकडो मितींच्या शेतात मात्र ती शोधण्याची झटपट रीत साध्या संगणकासाठी ठाऊक नाही, पुंज-संगणकासाठीही नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये या पायावरची 'एमएल-डीएसए' ही स्वाक्षरी मानक म्हणून जाहीर केली. तिचे आधीचे नाव 'डायलिथियम', म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला काल्पनिक स्फटिक. निदान एवढे तरी आमच्या विभागाला रुचावे!

ही स्वाक्षरी लांबलचक आहे, असा आक्षेप येतो. प्रचलित आरएसएची २५६ बाइटची, हिची किमान २,४२० बाइटची. सातबाऱ्याच्या फायलीला हा भार मुळीच नव्हे. खरा आक्षेप दुसराच : जालक उद्या कोणी उलगडणार नाही कशावरून? 'रेनबो' ही निस्टच्या अंतिम फेरीतली, वेगळ्या गणितावरची स्वाक्षरी २०२२ मध्ये एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या कामात मोडली गेली. म्हणूनच जुनी आणि नवी, दोन्ही स्वाक्षऱ्या काही काळ एकत्र हव्यात. आणि जुन्या दस्तांवर नवे मोर्तब आत्ताच, जुने विश्वासार्ह आहे तोवर व्हायला हवे. नंतर केले तर खऱ्याबरोबर खोट्यावरही होईल.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भरहुत आणि सांचीच्या दानलेखांत येथल्या दात्यांचा उल्लेख आहे, आणि दोन हजार वर्षांनंतरही आपण तो निःशंकपणे शिकवतो. मित्राला विचारले, यंदा पाठचिकित्सेत अंकीय स्वाक्षरीवर एक प्रश्न घालशील का? म्हणाला, अभ्यासमंडळाला विचारावे लागेल.