हिवाळ्यातला साल्हेर
साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला (१५६७ मीटर) नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात आहे. स्कॉटलंडचा बेन नेव्हिस डोंगर याहून कमी, १३४५ मीटरचा. पण तिथे जानेवारीत माथा बर्फाखाली असतो, इथे वाळलेले गवत आणि बोचरा वारा. वाघांबे गावातून निघालेली वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांमधल्या खिंडीत पोचते. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, गुहा, गंगासागर तलाव; चढाईतला सर्वांत देखणा भाग हाच. परशुराम मंदिर असलेल्या माथ्यावरून, हवा स्वच्छ असल्यास, मुल्हेर, मोरा, मांगी-तुंगी ओळखू येतात. १६७२मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले, ते याच परिसरात. हिवाळी दिवस लहान, सूर्यास्त सहाच्या सुमारास. म्हणून माथा दुपारीच सोडावा आणि उतरण उजेडात संपवावी.