सोंगाड्याची माफी

डॉ. निलेश साबळे शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर. २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षे 'चला हवा येऊ द्या'मधून त्यांनी महाराष्ट्राला हसविले. या काळात मात्र त्यांना दोनदा माफी मागावी लागली. विनोदासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या छायाचित्रात फेरफार झाला, त्याची माफी योग्यच होती. पण नारायण राणे यांच्यासारख्या दिसणाऱ्या पात्रावरून समर्थक चिडले, तेव्हाची माफी मला खटकते. दिवंगत माणूस उत्तर देऊ शकत नाही. पुढारी देऊ शकतो. आपल्या नांदेड-लातूरकडच्या तमाशातला सोंगाड्या समोर बसलेल्या पुढाऱ्याचीच टोपी उडवीत आला आहे. उद्या स्नेहसंमेलनात कुणी प्राध्यापकांची नक्कल केली, तर गुरुजनहो, त्याला माफी मागायला लावू नका. सोंगाड्या भ्याला, की आपणही भ्यालोच.