विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतनं बंद केली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्यांना तेव्हापासून एकच सल्ला मिळतो: मशीन बदला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. लग्नपत्रिका नि ग्रामपंचायतीचे अहवाल जुळवणारी जुनी मशीनं त्यात बसत नाहीत, पण चालतात उत्तम. ती भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

'विंडोज पुसा, लिनक्स टाका' हा सल्लाही मला मान्य नाही. दुकानाचा खरा ऐवज म्हणजे श्रीलिपी, पेजमेकर, कोरलड्रॉमधल्या जुन्या फायली. त्यातला बराच मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. फॉन्ट बदलला की अक्षरांची खिचडी होते. त्या कामासाठी विंडोज हवंच, पण इंटरनेट तोडून. ईमेल, बँक, युनिकोड टायपिंग त्याच मशीनवर शेजारी बसवलेल्या लिनक्स मिंट या लिनक्सच्या आवृत्तीवर करावं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हसुद्धा तिथेच उघडावा आणि हवी तेवढीच फाइल विंडोजच्या विभागात टाकावी. बोटांच्या ठशांचं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर तो लिनक्सवर चालतो का हे आधी तपासा.

बसवण्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. यात सूट नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोजमधूनच डिस्कवर जागा मोकळी करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्या विभागात सुरक्षितपणे लिहिता येत नाही. पुढे मशीन सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते विचारलं जातं. एक गोष्ट हमखास घाबरवते: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला एक आज्ञा दिली की हे मिटतं.

हे काम दुकानदाराने एकट्याने का करावं? केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स रुजलं ते शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण मिळालं म्हणून. आपल्या जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या संगणक विभागाने पावसाळ्यात, लग्नसराई ओसरल्यावर, विद्यार्थ्यांना किनाऱ्यावरच्या दुकानांत पाठवावं आणि त्या कामाचे गुणही द्यावेत.