हजेरीपटातले सारंग

आठवीच्या वर्गाची हजेरी घेताना तांडेल, नाखवा, सारंग अशी आडनावे एकामागून एक येतात. आमची शाळा खाडीपासून फार लांब नाही, त्यामुळे यात नवल काही नाही. यंदा सहज विचारले, "बाळा, तुझ्या आडनावाचा अर्थ काय?" सारंग आडनावाचा मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, "हरीण, टीचर." मराठीच्या शब्दकोशाप्रमाणे उत्तर बरोबर होते. मार्क कापावेत तर अन्याय, द्यावेत तर त्याच्या पणजोबांवर अन्याय.

कारण त्याच्या घराण्यातला सारंग हरणाचा नव्हे. तो फारसीतल्या 'सरहंग'वरून आला. सरहंग म्हणजे टोळीचा म्होरक्या. जहाजावर खलाशांची सगळी टोळी ज्याच्या हुकमात असे, तो सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा तो सुकाणी, आणि हे सुकाणू अरबी 'सुक्कान'मधून आपल्याकडे आले. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा मालक. हा 'खुदा' फारसीत मालक या अर्थाचा आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर ती घाबरतात. जहाजाची दिशा ठरवणाऱ्याला मालीम म्हणत. तो अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. हे मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगून झाले आहे, कुणावर काही परिणाम झालेला नाही.

"पण टीचर, सारंग करायचा काय?" या प्रश्नावर तो तास गेला आणि पुढचा इतिहासाचाही गेला. मी फळ्यावर जहाज काढले.

तीन उंच डोलकाठ्या. प्रत्येक डोलकाठीवर एकावर एक आडवे वासे, ज्यांना आपले दर्यावर्दी परबाण म्हणतात. प्रत्येक परबाणाला एक चौकोनी शीड टांगलेले. सर्वांत खालचे सर्वांत मोठे, वर जावे तसे लहान. मधली तिरकी शिडे धरली तर मोठ्या जहाजावर वीसहून जास्त शिडे होत. अशी जहाजे आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानात बांधली जात. त्यांतले 'त्रिंकोमाली' 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात सोडले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे डोलकाठ्यांसह तरंगते आहे. मुंबईचे लाकूड दोनशे वर्षांनीही पाणी धरून आहे, आणि आमच्या बाकांना तीन वर्षांत वाळवी लागते.

आता समजा, आकाश काळवंडले. वारा वाढला की एवढी शिडे तशीच ठेवता येत नाहीत. डोलकाठी मोडते, शीड फाटते किंवा जहाज कलते. शिडे कमी करायची ती वरून खाली. सर्वांत उंचावरची आधी, कारण तीच जहाजाला जास्त कलवतात.

पहिले काम खाली डेकवरच होते. शिडाचे खालचे कोपरे ताणून धरणारे दोर सैल सोडायचे आणि दुसरे दोर ओढून तेच कोपरे व खालची कड वर परबाणापर्यंत आणायची. खिडकीचा पडदा दोरीने वर जमा करावा तसे. जहाजावर असे शेकडो दोर, प्रत्येकाची बांधायची खुंटी ठरलेली. अमावास्येच्या रात्री, अंगावर लाटा येत असताना, खलाशाने नुसत्या हाताने चाचपून नेमका दोर ओळखायचा. चुकीचा दोर सुटला तर वर चढलेल्या माणसाच्या पायाखालचा वासाच हलतो.

एवढे झाले तरी शीड बांधले जात नाही. ते परबाणाखाली फुगून फडफडत राहते. त्यासाठी वर जावे लागते.

दोरांच्या शिडीने चढायचे, तेही वाऱ्याच्या बाजूने. जहाज दुसऱ्या बाजूला कललेले असते, म्हणून या बाजूने चढण थोडी सोपी पडते, आणि वारा माणसाला शिडीवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने चढला तर तोच वारा त्याला समुद्राकडे ढकलतो. डोलकाठीच्या मध्यावर एक लाकडी मचाण असते. त्याच्या कडेला वळसा घालून वर जाताना थोडा वेळ शरीर अक्षरशः मागे लोंबकळते. मग परबाणावर आडवे सरकायचे. पाय ठेवायला परबाणाखाली लोंबता एकच दोर. शेजारच्याने त्यावर पाय टाकला की तुमच्या पायाखालचा दोर खालीवर होतो. म्हणून दोरावर येणारा आधी ओरडून सांगतो. सर्वांत टोकाला सर्वांत अनुभवी माणूस जातो, नवखा डोलकाठीजवळ राहतो.

सगळे पोट परबाणावर टेकून ओणवे होतात. ओले जाड कापड वाऱ्याने ताठ होऊन पत्र्यासारखे झालेले असते. बोटांत धरायला चुणी सापडत नाही, नखे उलटतात. मुठीने ठोसे मारून चुणी पाडायची, ती पोटाखाली दाबून धरायची, मग पुढची. मध्येच वाऱ्याचा झोत आला की सगळे पुन्हा हातातून निसटते आणि पहिल्यापासून सुरुवात. कापड पुरेसे जमा झाले की एका हाकेवर सगळ्यांनी मिळून ते परबाणावर गुंडाळत घ्यायचे आणि दोऱ्यांनी आवळायचे. ही हाक महत्त्वाची. पाच जणांनी ओढले आणि सहावा थांबला तर शीड सहाव्याजवळून फुगते.

शीड पूर्ण काढायचे नसेल, नुसते लहान करायचे असेल, तर वरचा पट्टा दुमडून शिडाला लावलेल्या छोट्या दोऱ्यांच्या जोड्या बांधतात. त्याची गाठ अशी हवी की वाऱ्यात सुटू नये, पण सोडायच्या वेळी बोटांनी पटकन सुटावी. ती मला फळ्यावर काढून दाखवता आली नाही.

आपल्या मचव्यांची, फतेमारींची आणि अरबांच्या गलबतांची तऱ्हा वेगळी. तिथे डोलकाठीला एकच लांब तिरके परबाण आणि त्याला एक मोठे शीड. वारा वाढला की पुष्कळदा परबाणच खाली उतरवायचे आणि मोठे शीड सोडून लहान चढवायचे. जास्त काम डेकवर उभे राहून. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी चौकोनी शिडांच्या जहाजांवर वाढला होता. तो 1938-39 साली कुवेतच्या गलबतावरून अरबस्तान ते पूर्व आफ्रिका फिरून आला. जड परबाण वर चढवताना खलाशी गात आणि पाय आपटत, हे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे कोकणातला किंवा गुजरातचा माणूस मुंबईत इंग्रजी जहाजावर भरती झाला, तेव्हा समुद्र त्याच्या ओळखीचा होता. ती उंची मात्र नवी होती.

आणि तिथे हुकूम देणारा इंग्रज, पाळणारे आपले लोक. दोघांमध्ये भाषा कोणती? परबाणावर लटकलेल्या माणसाला हुकमाचा अर्थ विचारायला सवड नसते. म्हणून अधिकाऱ्यांनाच आपले शब्द शिकावे लागले. कॅप्टन टॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला तो याच गरजेतून. ही खलाशी बोली फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि किनाऱ्यावरच्या बोलींची खिचडी होती. डोलकाठी ती 'डोल'. पुढचे शीड 'तिरकट' आणि वरचे 'गावी', ही दोन्ही पोर्तुगीज नावे. वर ओढायचे तर 'हबेस!', खाली सोडायचे तर 'आर्या!'. हा आर्या पोर्तुगीज 'अरिआर'चा, त्याचा अर्थच खाली सोडणे. माझे मामू गोदीत कामाला होते. घरात लग्नाचे मोठे पातेले चुलीवरून उतरवताना ते "आर्या, आर्या" म्हणत आणि आम्हा पोरींना वाटे, ते कुणा आर्याला हाक मारताहेत.

इथपर्यंत वर्ग खूश होता. सारंग तर बाकावर जरा ताठ बसला होता. पण अर्धीच गोष्ट सांगणे मला पटेना.

हे लोक एकाच परबाणावर गोऱ्यांइतकाच जीव धोक्यात घालत, पगार मात्र त्यांच्याहून बराच कमी. इंग्लंडच्या 1660 च्या कायद्याने इंग्रजी जहाजावर तीनचतुर्थांश खलाशी इंग्रज हवेत असे ठरवले होते. युद्धाच्या काळात माणसे कमी पडली की नियम सैल होई आणि आपले लोक चालत. पुढे 1823 च्या कायद्याने स्पष्टच केले की हिंदी खलाशी ब्रिटिश खलाशी धरला जाणार नाही. राजाची प्रजा तो होता, पण जहाजाच्या मोजणीत नव्हता. आणि सारंगही सगळे फरिश्ते नव्हते. गावातून माणसे तोच आणी, उचल तोच देई, पगाराच्या वेळी त्यातला वाटा कापून घेणारेही पुष्कळ. बंदरात राहून खलाशांना कर्ज देणारे आणि नोकरी लावून देणारे 'घाट सारंग' तर वेगळेच. एकदा त्यांच्या वहीत नाव चढले की पुढच्या सफरीची कमाई आधीच गेलेली असे.

मुलगा उभा राहिला. "मग टीचर, आमचे पणजोबा चांगले होते की वाईट?"

वर्ग हसला नाही. मी म्हणाले, "मला नाही ठाऊक. दादींना विचारून ये."

चार दिवसांनी तो मधल्या सुट्टीत आला. दादी म्हणाल्या होत्या की पणजोबा आगबोटीवर होते, शिडावर त्यांचे वालिद असावेत, आणि उचल-बिचल त्यांना काही माहीत नाही. पगारातले पैसे कुणी कापले, कुणाचे कापले, हे घरात कधी बोलले गेले नाही. पण अंथरुणाची वळकटी सैल बांधलेली दिसली तर ते रागावत. स्वतः सोडून पुन्हा बांधत, गुडघ्याने दाबून. दादीही तशीच बांधतात.

"कशी?" मी विचारले.

माझी ओढणी खुर्चीच्या पाठीवर होती. त्याने ती वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याभोवती घेतली, उजवे टोक डाव्यावर टाकले, मग डावे उजव्यावर, आणि ओढले. गठ्ठा हलेना. मग एक टोक उलटे ओढताच गाठ अलगद सुटली.

मी त्याला पुन्हा एकदा बांधायला सांगितले. सावकाश.